सोनारीत सोनारीकर का नसतात?

आजचा भाग आडनावांवर आहे आणि सुरुवात माझ्याच आडनावापासून करतो.

मी सोनारीकर. सोनारी म्हणजे धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यातलं काळभैरवनाथाचं गाव. आजोबांनी ७२च्या दुष्काळात गाव सोडलं आणि पुण्यात बांधकामावर लागले. मुकादम हाक मारायचा, 'ओ सोनारीकर!' वडिलांना शाळेत घातलं तेव्हा हेच नाव दाखल्यावर चढलं. गावात मात्र आम्हाला असं कुणी म्हणत नव्हतं. कसं म्हणणार? तिथं सगळेच सोनारीचे!

'कर' लागलेली बरीच आडनावं अशी गाव सुटल्यावर चिकटतात. गावात माणूस ओळखला जातो घराण्यावरून, नाहीतर कामावरून आणि वतनावरून. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही त्यातलीच.

गोव्यातल्या मंगेशीला ही दोन्ही तऱ्हेची आडनावं सापडतात. मंगेशाला अभिषेक करणारे ते अभिषेकी. पंडित जितेंद्र अभिषेकी याच गावचे. दीनानाथांचे वडील गणेशभट हेही तिथले अभिषेकी पुजारी, पण आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या, देवदासी समाजातल्या. दीनानाथांनी वडिलांचं आडनाव लावलं नाही, गावाचं लावलं. ते झाले मंगेशकर. पुढं नाटकांच्या निमित्तानं त्यांचा संसार गोव्याबाहेरच झाला. लताबाई जन्मल्या इंदूरला, १९२९ मध्ये. पण नाव राहिलं मंगेशीचंच.

इंग्रजांचंही असंच आहे बरं का. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. आणि वॉशिंग्टन? तो त्यांच्याकडचा 'कर'! बाराव्या शतकात ईशान्य इंग्लंडमध्ये हार्टबर्न गावावरून ओळखला जाणारा विल्यम नावाचा एक सरदार होता. त्यानं वॉशिंग्टन नावाचं गाव घेतलं आणि गावाबरोबर त्याचं नावही बदललं. त्याच्या वंशातला जॉन १६५०च्या दशकात अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला. त्याचा पणतू जॉर्ज, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. मग १७९१ मध्ये तिथल्या राजधानीला त्याचं नाव दिलं. म्हणजे गावाचं नाव माणसाला आणि माणसाचं नाव शहराला!

आता माझं सांगतो. मागं यात्रेला सोनारीला गेलो होतो. पारावर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कुणाचा रं तू?" मी ऐटीत म्हणालो, "सोनारीकर." ते हसले. "आरं, ते पुण्यात. हितलं सांग की."

मला सांगता येईना. आजोबा गेलेले, वडिलांना नीट आठवत नाही. शेवटी आजोबांचं नुसतं नाव सांगितलं, तेव्हा बाबांनी काठीनं एका पडक्या वाड्याकडं दाखवलं आणि आमचं जुनं आडनाव घेतलं. ते मी तिथंच फोनमध्ये लिहून ठेवलं.

तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा: आपलं आधीचं आडनाव काय होतं?

भेटू पुढच्या भागात.