लेखांक ७ : नळीचं तोंड कशानं झाकावं?

नळीतले आटे गोळीला फिरकी कशी देतात, ते गेल्या लेखात पाहिलं. हे आटे जिथे संपतात ते नळीचं तोंड फार जपायला हवं, कारण गोळी नळीतून सुटते ती तिथे. त्या काठाला एका बाजूनं जरी खोक पडली तरी नेम बिघडतो. पावसाचं पाणी, धूळ, चिखल यांना आत शिरायची वाटही तीच. तोंड झाकायला हवं याबद्दल म्हणूनच दुमत नाही. प्रश्न आहे तो कशानं झाकायचं याचा. माझ्या मते झाकण किती घट्ट बसतं ही त्याची खरी परीक्षा नव्हे. ते काढायचं राहून गेलं आणि घोडा ओढला गेला तर काय होईल, ही खरी परीक्षा.

घट्ट बुचाची सवय ठासणीच्या बंदुकीच्या काळातली आहे. १८५३च्या एनफिल्ड रायफलीत दारू आणि गोळी तोंडाकडूनच ठासावी लागे. भरलेल्या बंदुकीत पाणी गेलं की दारू भिजली आणि बार फुसका गेला, म्हणून तोंडात बूच बसवत. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याला पावसाळ्यातली ही काळजी वेगळी सांगायला नको. धातूच्या काडतुसात मात्र दारू बंदिस्त असते आणि काडतूस मागून भरलं जातं. चार थेंबांनी बार फुकट जाण्याची भीती उरली नाही. धोका उरला तो नळी तुंबण्याचा. मग नळी तुंबू नये म्हणून तिच्यात आपणच बूच ठोकायचं, हे कुठलं शहाणपण?

५.५६ मिलिमीटरच्या काडतुसात दाब वातावरणाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक चढतो. गोळी वेगात असताना पुढे लाकडाचं बूच, चिखलाचा गोळा किंवा चिंधीचा बोळा आला, तर त्या जागी दाब एकाएकी उसळतो. नळी फुगते, कधी फाटते. तोंडावर ताणलेल्या पातळ रबराचं तसं नाही. गोळी त्याला सहज भेदून जाते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना अमेरिकी सैनिकांनी रायफली पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत घातल्या होत्या, तर काहींनी नळीच्या तोंडावर कंडोम चढवले होते. याचं हसू येण्याचं कारण नाही. समुद्राचं पाणी आणि वाळू रोखणारी, वेळ पडल्यास न काढता गोळी झाडू देणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी कुठली होती? पुढे एम-१६ रायफलीसाठी आलेली प्लास्टिकची टोपी याच विचारातून घडली.

यावर शिस्तीचा भोक्ता म्हणेल, शिकलेला सैनिक बूच काढायला विसरतोच कसा? कवायतीच्या मैदानावर विसरणार नाही. पण अंधारात, दबा धरून बसलेल्या शत्रूनं अचानक गोळीबार सुरू केल्यावर हात आधी घोड्याकडे जातो. त्या क्षणी माणसाच्या आठवणीवर विसंबणारं साधन कच्चंच म्हणावं लागेल. पातळ टोपी फाटते हा आक्षेप खरा आहे, पण ती बदलता येते. फुटलेली नळी आणि गेलेली बोटं बदलता येत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : झाकलेली नळी आतून गंजते. गारव्यातून उबेत आलेल्या पोलादावर दव धरतं आणि झाकण ते सुकू देत नाही. जुन्या .३०३च्या काडतुसांत हे आणखी वाईट होतं, कारण त्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या मसाल्यातून नळीत क्षार राही आणि तो हवेतली ओल शोषून घेई. म्हणून सैनिक नळीत उकळतं पाणी ओतत, मग ती कोरडी करून तेलाचा हात देत. तेव्हा झाकण वाटेवर, पावसात आणि धुळीत ठेवावं. छपराखाली आल्यावर काढून नळी कोरडी करावी.

झाकण असूनही पाणी आत जाऊ शकतं. ५.५६च्या अरुंद नळीत ते नुसती नळी खाली केल्यानं निथळत नाही, चिकटून राहतं. तोंड खाली धरून बोल्ट थोडा मागे ओढला की मागून हवा शिरते आणि पाणी सुटतं. तोंड जमिनीत रुतलं असेल तर मात्र एवढ्यानं भागत नाही. आधी रायफल पूर्ण रिकामी करावी, बोल्ट काढून मागच्या बाजूनं नळीत पाहावं, आणि पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसल्याशिवाय काडतूस भरू नये.