गुडघाभर पाण्यापलीकडे

समुद्राच्या बाबतीत माझ्या आईने आमच्या घरात एकच कायदा केलेला आहे : पाणी गुडघ्याला लागले की मागे फिरायचे. हा कायदा मी लहानपणी गिरगाव चौपाटीवर पाळला, कॉलेजच्या सहलीत अलिबागला पाळला आणि लग्नानंतर गणपतीपुळ्याला सौ.च्या समक्षही पाळला. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. समुद्रावरच्या कविता शिकवताना माझा आवाज कसा भरून येतो हे माझे विद्यार्थी सांगतील. पण ह्या सागरभक्ताच्या गुडघ्यावर खारे पाणी कधी चढलेले नाही, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नाही.

कायद्याला कारण होते. माझा थोरला मामा एकोणिसाव्या वर्षी, १९६१ सालच्या मे महिन्यात, आजोळच्या समुद्रात बुडाला. चांगला पट्टीचा पोहणारा. विहिरीत मुटके मारण्यात गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आई तेव्हा अकरा वर्षांची. त्याचा सदरा हातात धरून ती वाळूत उभी होती. ही हकीगत सांगताना शेवटी एक वाक्य ती न चुकता म्हणे, “आणि तिथं तर लाटासुद्धा नव्हत्या रे!” दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधले पाणी शांत होते, आणि त्या शांत पाण्यातूनच समुद्राने त्याला नेले. ह्याचा उलगडा कोणालाच कधी झाला नाही. देवाची करणी म्हणून सर्वांनी हात जोडले आणि पुढच्या दोन पिढ्यांना गुडघ्याचा कायदा लागू झाला.

गेल्या एप्रिलात हा कायदा मोडायला निघाली ती आमची कन्या. दहावीची परीक्षा संपल्यावर तिने जाहीर केले, “बाबा, मला सर्फिंग शिकायचंय.” सर्फिंग म्हणजे लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहायचे! उभ्याने फळी वल्हवण्याच्या खेळात राष्ट्रीय विजेती ठरलेली तन्वी जगदीश ही मुल्की गावची मुलगी. तिच्याविषयी कन्येने कुठेतरी वाचले होते. “आजी काय म्हणेल?” हा माझा एकमेव आणि भक्कम मुद्दा. तो सौ.ने निकालात काढला. “आपण उडुपीच्या श्रीकृष्णाच्या दर्शनाला जातो आहोत असं आईंना सांगू. आणि दर्शन घेऊच की, खोटं कुठे आहे त्यात?” अशा रीतीने एका अर्धसत्याच्या बळावर आम्ही तिघे मे महिन्यात ठाण्याला मत्स्यगंधा एक्सप्रेसमध्ये बसलो. अशा प्रवासाला गाडीही अगदी नावाप्रमाणे मिळाली!

गाडीत कन्येने माझा वर्ग घेतला. हा खेळ मूळचा हवाई बेटांतला. तिकडच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थच ‘लाटेवरून घसरणे’. कॅप्टन कुकच्या सफरीतील जेम्स किंग ह्या अधिकाऱ्याने १७७९ साली त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे ड्यूक कहानामोकू ह्या हवाईच्या जलतरणपटूने, ज्याने १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले होते, तो देशोदेशी नेला. आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच खेळला गेला. मी मान डोलावत होतो, पण मनात एकच चित्र होते : वाळूत सदरा धरून उभी असलेली अकरा वर्षांची मुलगी.

मुलकी म्हटले की आम्हां मराठी माणसांना मुलकी पाटील आठवतो. ही मुल्की निराळी. मंगळूरच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर शांभवी नदीच्या मुखाशी हे गाव आहे. दक्षिणेकडून नंदिनी येते आणि ससिहित्लूपाशी दोघी बहिणी एकत्र होऊन समुद्राला मिळतात. नद्यांनी आणलेल्या वाळूचे पाण्याखाली उंचवटे होतात, त्यांवर लाट चढते आणि फुटते. ही गंमत जॅक हेब्नर नावाच्या एका अमेरिकन कृष्णभक्ताने हेरली आणि २००४ साली येथे सर्फिंगचा आश्रम काढला. जपमाळ आणि फळी अशी दोन्ही साधने तेथे एकत्र नांदली. त्याच्याकडे पाहून गावची पोरे फळीवर चढली आणि २०१६ साली तर ससिहित्लूच्या किनाऱ्यावर देशभरच्या खेळाडूंची स्पर्धा भरली.

आमचा मुक्काम एका मोगवीर कुटुंबात होता. मोगवीर म्हणजे तुळू मुलखातले कोळी. घरातले आजोबा, ज्यांना सगळे ‘अज्जेर’ म्हणत, मला पाहताच म्हणाले, “या मास्तर, चहा घ्या. वाटेत काय त्रास नाय ना झाला?” मी चाटच पडलो! अज्जेरांनी उमेदीची तीस वर्षे गिरगावातल्या एका उडपी हॉटेलात काढली होती. मुंबईला इडली-डोसा खाऊ घालणाऱ्या ह्या किनाऱ्याने तिच्याकडून थोडी मराठी परत आणली आहे, ती अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शाळा सुरू झाली. आमचे गुरुजी अज्जेरांचे नातू, वय तेवीस. पोहता येते का, हे त्यांनी आधी विचारून घेतले. तलावात शिकलेले माझे पोहणे त्यांनी कसेबसे पास केले. मला वाटले, आता पाण्यात ढकलणार. पण गुरुजींनी आम्हांला वाळूत बसवले आणि एका काटकीने ओल्या वाळूवर समुद्र काढला. त्यांची हिंदी आणि माझी हिंदी ह्यांच्या संगमातून मला जे समजले ते असे :

लाटा पाणी किनाऱ्याकडे आणतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये जिथे खोल घळ असेल, तिथून ते जोराने आत वाहते. घळ खोल, म्हणून तिच्यावर लाट फुटत नाही. किनाऱ्यावरून पाहिले तर दोन्हीकडे पांढरा फेस आणि मधे गडद, शांत पट्टा. नवखा माणूस म्हणतो, इथे लाटा नाहीत, इथेच उतरू. आणि तोच पट्टा त्याला आत ओढून नेतो. तो भिऊन सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो. पण त्या ओढीपुढे भलेभले पोहणारे थकतात, आणि माणूस बुडतो तो ह्या थकण्याने. ही ओढ कोणाला खाली खेचत नाही, फक्त दूर नेते आणि लाटांच्या पलीकडे गेल्यावर विरते. म्हणून तिच्याशी झुंजायचे नाही. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत पट्ट्याबाहेर पडायचे आणि मग फुटत्या लाटांबरोबर परत यायचे. तेवढी ताकद नसेल तर नुसते तरंगत राहून हात वर करायचा.

गुरुजी पुढे सरकले. मी त्या काटकीच्या रेघांपाशीच राहिलो. “तिथं तर लाटासुद्धा नव्हत्या रे!” साठ वर्षांहून अधिक काळ आमच्या घरात जे कोडे होते, ते एका तेवीस वर्षांच्या मुलाने पाच मिनिटांत वाळूवर सोडवले होते.

“सर, तब्येत बरी आहे ना?” गुरुजींनी विचारले. मी म्हटले, “पुन्हा एकदा सांगा.” त्यांनी पुन्हा सांगितले. मग मी फळी उचलली.

पुढचे वर्णन माझ्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. नवख्यांची फळी मऊ, रुंद आणि आठ-नऊ फूट लांब असते. एका दोरीने ती घोट्याला बांधतात. कमरेइतक्या पाण्यात तिच्यावर पालथे पडायचे. लाट फुटून फेसाळ पाणी मागून आले की हातांनी वल्हवायचे आणि गुरुजी “लक्क्‌ले!” असे ओरडले की एका झेपेत उभे राहायचे. ‘लक्क्‌ले’ म्हणजे तुळूत ‘उठा’. पहिल्या दिवशी हा शब्द मी तीसेक वेळा ऐकला आणि तितक्याच वेळा पडलो. पडण्याचेही शास्त्र आहे : डोके पुढे करून सूर मारायचा नाही, अंग पसरून पडायचे, वर येताना हातांनी डोके झाकायचे आणि आपण व लाट ह्यांच्यामध्ये फळी येऊ द्यायची नाही. कन्या पहिल्याच सकाळी उभी राहिली. सौ. दोन दिवस छत्री घेऊन किनाऱ्यावर बसली. तिसऱ्या दिवशी छत्री माझ्या हाती देऊन पाण्यात गेली आणि चौथ्या प्रयत्नात उभी राहिली. ह्यावर मी अधिक लिहीत नाही.

ऊन चढले की शाळा सुटे आणि गाव सुरू होई. घरी नीर डोसा, बांगड्याचे कालवण आणि उकड्या तांदळाचा भात. पत्रोडे पानात पडले तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, ही तर आपल्या अळूवडीची बहीण!” एका पहाटे अज्जेर मला रापण दाखवायला घेऊन गेले. आपल्या कोकणातली रापण, तिला इकडे रांपणी म्हणतात. अर्धवर्तुळात टाकलेले जाळे दोन्ही टोकांनी वीसपंचवीस माणसे ओढत होती. मीही दोराला हात लावला. पूर्वी ह्याहून कितीतरी मोठ्या रांपणी असत, अख्खे गाव ओढायला लागे. १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी आली आणि मोठ्या रांपणी उठल्या, असे अज्जेर सांगत होते. परतताना बप्पनाडूच्या दुर्गापरमेश्वरीचे दर्शन घेतले. हे देऊळ बप्पा ब्यारी नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने बांधले अशी आख्यायिका आहे. त्याची नाव शांभवीत अडली आणि देवीने त्याला स्वप्नात दृष्टांत दिला, असे सांगतात.

एका रात्री शेतात मांडव घालून यक्षगान झाले. चेंड्याचा कडकडाट, पेटत्या पलित्यांतून येणारा महिषासुर, आणि समोर मांडीवर लेकरे घेऊन बसलेला सारा गाव. माझ्यातला मास्तर जागा झाला. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा असाच खेळ सांगलीत झाला, तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे ह्यांना तसे काही करण्यास सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. वीस वर्षे हे मी वर्गात सांगत आलो होतो. त्याचा आवाज कानांनी ऐकला तो मुल्कीला.

आणि पाचव्या दिवशी मी उभा राहिलो. कन्येने मोजले, चार सेकंद. फेसाळ पाण्यावरून फळी सरकत होती, माझे गुडघे वाकलेले होते, किनारा माझ्याकडे येत होता. मग अर्थातच मी पडलो. उठून डावीकडे पाहिले तर दूरवर दोन फेसांच्या मधे तो गडद पट्टा दिसला. गेले पाच दिवस तो रोज तिथेच असणार. आता मला तो ओळखता येत होता.

घरी परतलो तेव्हा आई ताटात तांदूळ निवडत बसली होती. नातीचे सोललेले नाक पाहून म्हणाली, “उडुपीच्या देवळात एवढं ऊन लागतं होय?” लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिच्यापुढे बसलो, सगळे सांगितले, आणि तांदळात बोटाने दोन उंचवटे आणि मधली घळ काढून दाखवली.

ती बराच वेळ त्या ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मीच त्याला म्हटलं होतं. दादा, इथं लाटा मोठ्या आहेत, तिकडे जा, तिथं नाहीत.”

हे तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. मला काय बोलावे सुचेना. कोडे सोडवून मी आईला सुख दिले की दुःख, हे मला अजूनही कळत नाही. “तू अकरा वर्षांची होतीस,” एवढेच मी म्हणालो. “गावात हे ठाऊक असणारा कोणी आपल्याला भेटलाच नाही.”

“पोरीला नीट समजलंय ना?” तिने विचारले.

“माझ्या आधी.”

आईने हात फिरवून तांदूळ सारखे केले. “मग तिला जाऊ दे. आणि तू मास्तर आहेस ना? मग घरात कशाला सांगत बसलास? लोकांना सांग. दिवाळीच्या सुट्टीत सगळे कोकणात जातात.”

म्हणून, वाचकहो, तिच्याच परवानगीने हे लिहिले. ह्या सुट्टीत मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाल तेव्हा पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटे उभे राहून नुसते पाहा. फुटत्या लाटांच्या मधे शांत, गडद पट्टा दिसला तर तो मुलांना बोटाने दाखवा आणि तिथे कोणालाही उतरू देऊ नका. तिथल्या कोळ्याला विचारा, त्याला ठाऊक असते. आणि कोणी सापडलेच तर त्याला ओरडून सांगा : आडवा पोह!