पिशवी कुजते, पण कुठे?

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी कोथिंबिरीची जुडी अजून पातळ पिशवीतूनच घरी येते. मक्यापासून केलेली कंपोस्टेबल पिशवी हा चांगला पर्याय, पण अर्धाच. त्यातलं पीएलए हे जैवप्लास्टिक नीट कुजायला साधारण ६० अंश उष्णता, ओलावा आणि सूक्ष्मजीव लागतात. हे खतप्रकल्पात मिळतं, गटारात नाही. म्हणजे ती ओल्या कचऱ्यासोबत गेली, तरच उपयोग.

'महाग पडते' हा आक्षेप खराच. म्हणूनच ती सरसकट नको. कांदे-बटाट्यांना कापडी पिशवी, प्रसादाला पळसाचा द्रोण आणि कंपोस्टेबल पिशवी फक्त ओल्या मासळीला किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्याला. घेताना 'आयएस १७०८८' हे कंपोस्टेबल प्लास्टिकचं मानक छापलंय का बघा. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' पुरेसं नाही.