परक्या बर्फावर : कॉलेज आइस हॉकी

सामना : २० मिनिटांचे ३ डाव. बर्फावर एका संघाचे ६ जण, गोलरक्षक धरून. दमछाक इतकी, की पाऊण-एक मिनिटात खेळाडू बदलतात, खेळ न थांबवता.

चकती : रबराची, ७.६ सेंमी रुंद, साधारण १६५ ग्रॅम. गोठवून वापरतात, म्हणजे उसळत नाही.

शनिवार-रविवार नव्हे : अमेरिकी कॉलेजांत बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी, त्याच प्रतिस्पर्ध्याशी, त्याच रिंकवर. शुक्रवारी हरलेल्यांना उट्टे काढायला एकच रात्र.

पाहुण्यांची अडचण : खेळ थांबला की पाहुण्या संघाने आधी खेळाडू उतरवायचे, ते पाहून यजमान आपले ठरवतात. पाहुण्यांच्या हुकमी आघाडीवीरासमोर नेमका तगडा बचावपटू येतो तो असा.

बरोबरी : साखळी सामन्यात ५ मिनिटे जादा, ३ विरुद्ध ३. बाद फेरीत गोल होईपर्यंत.

मारामारी : व्यावसायिक लीगमध्ये ५ मिनिटे बाहेर, कॉलेजात थेट हकालपट्टी. चेहऱ्यावर पूर्ण जाळी सक्तीची.

१९४८ : अमेरिकेत पहिली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा झाली; विजेते मिशिगन.

आपल्याकडे : लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर. बंगळुरूच्या हवेत मात्र बर्फाखालच्या काँक्रीटमधल्या नळ्यांतून अतिथंड मिठाचे पाणी खेळवावे लागते. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य. महिला संघाला २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक.