शिकविण्यास गेलेले विद्यार्थी

जपानमधील एखाद्या शहरात सायंकाळी कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास दोन परदेशी सायकलस्वार तरुण दृष्टीस पडतात. अंगात पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर काळी नामपट्टी. वय अवघे अठरा ते वीस. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या आणि सामान्यतः मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे हे प्रचारक होत. १८३० साली स्थापन झालेल्या या पंथाचे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक आज जगभर हिंडत आहेत. त्यांची धर्ममते पटावीत की न पटावीत, हा प्रश्न निराळा. परंतु ज्या वयात इतर मुले पदवीच्या आणि नोकरीच्या चिंतेत असतात, त्या वयात हे तरुण परमुलखात जाऊन काय करतात आणि काय घेऊन परततात, हे पाहणे उद्बोधक आहे.

कोठे जावयाचे, हे उमेदवार ठरवीत नाही. त्याने अर्ज करावा आणि नेमणुकीच्या पत्राने आपला देश जाणून घ्यावा, अशी रीत आहे. तरुणांची मुदत दोन वर्षांची, तरुणींची दीड वर्षाची. वेतन नाहीच, उलट खर्चाचा भार स्वतःच्या बचतीतून अथवा कुटुंबाच्या मिळकतीतून उचलावयाचा. काही आठवडे भाषेचे प्राथमिक शिक्षण घेतले की प्रवास सुरू होतो. पहाटेच्या सुमारास उठणे, व्यायाम, धर्मग्रंथाचे व भाषेचे अध्ययन, नंतर दिवसभर गाठीभेटी आणि रात्री साडेदहाच्या सुमारास निद्रा, असा दिनक्रम ठरलेला. जोडीदार वरिष्ठांनी नेमून दिलेला. त्याला सोडून एकट्याने कोठेही जाण्याची मुभा नाही. प्रेमप्रकरणे वर्ज्य. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरच्या पत्रांसाठी राखलेला. २०१९ पूर्वी घरी दूरध्वनी करण्याची परवानगी सामान्यतः नाताळ आणि मातृदिन या दोनच दिवशी असे; त्या वर्षापासून ती दर आठवड्यास मिळू लागली.

या शिस्तीपेक्षाही कठीण असतो तो लोकांचा नकार. बहुतेक दारे उघडत नाहीत आणि उघडली तरी लवकरच मिटतात. जपानी गृहस्थाचा नकार इतका नम्र असतो की, तो नकार आहे हे कळण्यासच नवख्याला काही काळ लागतो. एखाद्या घरी स्वागत झालेच, तर समोर हिरवा चहा येतो. आणि चहा, कॉफी व मद्य तर या पंथास निषिद्ध! यजमानाचा अवमान न करता तो पेला नाकारावा कसा, हे कोणताही ग्रंथ शिकवीत नाही. भाजलेल्या सातूचे पेय चालते, एवढे कळले तरी नवशिक्यास दिलासा वाटतो. इंग्रजी संभाषणाचे विनामूल्य वर्ग ते चालवितात, तेथे मंडळी येतात. परंतु पुष्कळांना हवे असते ते इंग्रजीच, धर्म नव्हे.

या पंथाच्या जपानमधील कार्याचा आरंभ १९०१ सालचा. त्या वर्षी योकोहामा बंदरात जे चार प्रचारक उतरले, त्यांत अल्मा टेलर हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याला जपानी भाषेचा गंधही नव्हता. तो आठ वर्षांहून अधिक काळ तेथे राहिला, भाषा शिकला आणि जपानी साहित्यिकांचे साहाय्य घेऊन त्याने आपल्या पंथाच्या प्रमुख ग्रंथाचा अनुवाद सिद्ध केला. तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२४ मध्ये हे कार्य बंद करण्यात आले, तेव्हा तेवीस वर्षांत झालेल्या धर्मांतरांची संख्या दोनशेपर्यंतही पोहोचलेली नव्हती. १९४८ साली ते पुन्हा सुरू झाले. मराठी मुलखातही असेच घडले होते. ह्यू फिंडले हा प्रचारक १८५२ साली मुंबईस आला, पुण्यासही राहिला. तथापि त्याचे कार्य अल्पकाळातच संपुष्टात आले.

मग टेलरचे आयुष्य वाया गेले काय? शिरगणती हाच निकष मानला, तर उत्तर होकारार्थी द्यावे लागेल. परंतु त्या निकषाचा दुष्परिणाम इंग्लंडने पाहिला आहे. १९६० च्या आगेमागे तेथे मुलांना बेसबॉलच्या खेळाकडे आकर्षित करून घाईघाईने बाप्तिस्मा देण्यात आला. आकडे फुगले, पुष्कळ मुले पुन्हा प्रार्थनेस फिरकली नाहीत, आणि अखेरीस अनेक नावे पंथाच्या नोंदींतून वगळावी लागली. त्या मुलांची फसगत झाली, तशीच आकड्यांसाठी राबणाऱ्या तरुण प्रचारकांचीही झाली.

येथेच सेवेचा खरा प्रश्न उभा राहतो. समोरच्या माणसाचे मत बदलावे, या हेतूने केलेली सेवा निरपेक्ष म्हणता येईल काय? ती तशी म्हणता येणार नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याचबरोबर, शिस्तीचा वा एकटेपणाचा ताण न सोसल्याने मुदतीपूर्वी परतणाऱ्या मुलाकडे त्याच्याच समाजातील काही जण संशयाने पाहतात, हेही विसरून चालणार नाही. अठराव्या वर्षी केलेल्या संकल्पाचे ओझे जन्मभर वाहावयास लावणे, हे कोणत्याही धर्मास भूषणावह नाही.

तरीही या दोन वर्षांत एक गोष्ट अशी घडते की, जिची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. सत्य आपल्यापाशीच आहे, अशा श्रद्धेने घराबाहेर पडलेल्या मुलास परक्या देशात भाकरी विकत घेण्यासाठीसुद्धा दुसऱ्याची भाषा शिकावी लागते. भाजीवाली त्याचे उच्चार सुधारते, शेजारी पादत्राणे कोठे काढावयाची ते दाखवितो, आणि ज्याने धर्म नाकारला तोच गृहस्थ पावसात त्याला छत्री देतो. शिकविण्यास गेलेला असा विद्यार्थी होतो. परतताना त्याची श्रद्धा कायम असेल. परंतु ती न मानणारी माणसेही सज्जन असतात, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते. किती जणांना बाप्तिस्मा दिला, या प्रश्नाआधी किती जणांकडून काय शिकलास, असा प्रश्न जर घरी परतलेल्या मुलास कोणी विचारील, तर त्या दोन वर्षांचे खरे मोल त्यालाही उमगेल आणि त्याच्या समाजालाही.