नर्सच्या हातचं मॉर्फिन

युगांडात स्तनाच्या कर्करोगाच्या कितीतरी बायका दवाखान्यात पोचतात तेव्हा रोग फार पुढे गेलेला असतो. कुणाच्या गाठीवरची कातडी फुटून जखम वाहत असते, कुणाच्या मणक्यात रोग उतरलेला असतो. ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य अशा बाईला सर्रास ऐकवलं जातं. ते खोटं आहे.

जखमेचंच घ्या. तिच्या वासापायी बाई चारचौघांत बसणं सोडते, नातवंडांनाही जवळ येऊ देत नाही. यावरचा उपाय स्वस्त आहे. मीठ घालून उकळलेल्या, निवलेल्या पाण्यानं जखम धुवायची आणि मेट्रोनिडाझोलची, म्हणजे आपण आवेवर घेतो तीच गोळी बारीक कुटून तिच्यावर भुरभुरायची. वास जंतूंचा असतो. ते मरू लागले की काही दिवसांत तो ओसरतो. पट्टी चिकटली तर ओढायची नाही, भिजवून सोडवायची. हे घरच्यांना एकदा दाखवलं की जमतं.

दुखण्याला मात्र मॉर्फिनच हवं. डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी १९९३ मध्ये कंपालात हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं आणि मॉर्फिनची पूड पाण्यात विरघळवून पिण्याचं स्वस्त औषध रुग्णांना द्यायला सुरुवात केली. ते दर चार तासांनी घ्यायचं. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत रेचक द्यायचंच. नीट मात्रेत दिलं तर व्यसनाची भीती फार थोडी.

पण लिहून देणार कोण? खेड्यात डॉक्टर नाही. २००४ साली युगांडानं खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. माझ्या मते कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा मोठं काम या एका निर्णयानं केलं. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती आपल्याकडे कायदेशीर पिकते, तरी १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. त्या एकोणतीस वर्षांत विनाकारण तळमळत गेलेल्यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, आणि याचा मला संताप येतो.

यंत्रंही हवीतच. २०१६ मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयातलं, देशातलं एकमेव रेडिओथेरपी यंत्र कायमचं बंद पडलं आणि दीड वर्षाहून अधिक काळ नवं सुरू झालं नाही. हाडांत पसरलेल्या रोगाच्या वेदनेवर रेडिओथेरपीची एकच मात्रा बहुतेकांना अनेक मात्रांइतकाच आराम देते, हे चाचण्यांतून सिद्ध झालेलं आहे. दूरच्या खेड्यातून भाड्याचे पैसे उसने घेऊन येणाऱ्या बाईला दहा खेपा सांगण्याआधी डॉक्टरांनी ही एक मात्रा पुरेल का, ते पाहायला हवं.