लॅपटॉप घ्यायचाय? आधी स्टिकर बाजूला ठेवा

लॅपटॉपच्या दुकानात काउंटरवर दोनच गोष्टी बोलल्या जातात: आय-थ्री की आय-फाइव्ह, आणि कितीला. बीड जिल्ह्यातल्या वडवणीतून बारावी होऊन बीड, छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुण्याला शिकायला निघालेल्या पोरापोरींचा लॅपटॉप बहुतेक वेळा या दोन प्रश्नांवर ठरतो. पुढची चार-पाच वर्षं मग त्याच्यावरच नोट्स, प्रोजेक्ट, पीपीटी आणि रात्री सिनेमा नाहीतर आयपीएल. विचारायला हवं ते वेगळंच आहे. लॅपटॉपमधल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही शेवटपर्यंत बदलता येत नाहीत. ज्या बदलत नाहीत त्यांच्यावर आधी पैसा घालायचा. ही एक खूणगाठ बांधली की पुढचे गैरसमज ओळखायला सोपे जातात.

‘आय-सेवन म्हणजे भारी, आय-थ्री म्हणजे कामचलाऊ’

हा सगळ्यांत पक्का बसलेला समज, आणि सगळ्यांत महागात पडणाराही. ‘आय-सेवन’ हे इंटेलच्या प्रोसेसरच्या दर्जाचं नाव आहे, पण ते त्या-त्या पिढीपुरतं. २०१५ सालच्या आय-७ ६५००यू या प्रोसेसरमध्ये दोन कोअर होते. २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१५यू मध्ये सहा आहेत. म्हणजे आजचा साधा आय-थ्री त्या जुन्या आय-सेवनच्या कितीतरी पुढे. कंपन्यांच्या ऑफिसांमधून निघालेले, झाडूनपुसून चकचकीत केलेले लॅपटॉप ‘आय-सेवन आहे भाऊ, फक्त अठरा हजारात’ म्हणून विकले जातात, तेव्हा नावानंतरचा आकडा वाचायचा. आय-७ ६५००यू मधला ६ म्हणजे सहावी पिढी, १२१५यू मधला १२ म्हणजे बारावी.

पिढी आणखी एका कारणासाठी बघायची. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप आज घेतला तर तो चालेल, पण कडी नसलेल्या दारासारखा. जुनाच घ्यायचा तर आठव्या पिढीच्या खाली उतरू नका.

एएमडीच्या रायझनमध्ये तर जास्तच डोळे उघडे ठेवावे लागतात. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. नावात एका आकड्याचा फरक, दोन्ही ‘रायझन फाइव्ह’, दोन्ही ‘सेव्हन थाउजंड सीरिज’. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. पहिल्यात झेन २, म्हणजे २०१९ सालची रचना, चार कोअर. दुसऱ्यात झेन ३, सहा कोअर. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम मदरबोर्डवर डागलेलीच येते, नंतर वाढवायची सोयच नाही. आठ जीबीचा घेतला तर तो आठ जीबीचाच राहणार. स्टिकरवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

‘आठ जीबी रॅम बास, नंतर टाकून घेऊ’

‘नंतर टाकून घेऊ’ हे बिनधास्त म्हणायचं, पण स्लॉट असेल तरच. विंडोज ११ नुसती सुरू झाली तरी तीन-साडेतीन जीबी रॅम धरून बसते. वर क्रोममध्ये दहा टॅब, एक ऑनलाइन लेक्चर आणि वर्डची फाइल उघडली की आठ जीबी भरत आलीच. आज सोळा जीबी ही चैन राहिलेली नाही. बजेट बसत नसेल तर आठ जीबीचा घ्या, पण एक स्लॉट रिकामा आहे याची खात्री करून. दुकानदार ‘एक्स्पांडेबल आहे’ म्हणतो ते पुरेसं नाही. मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर बघायचं. तिथे रॅमपुढे ‘सोल्डर्ड’ किंवा ‘ऑनबोर्ड’ एवढंच असेल आणि स्लॉटचा उल्लेख नसेल, तर विषय संपला. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भावही चढले आहेत, त्यामुळे ‘नंतर स्वस्तात’ हा हिशेबही धरू नका.

साठवणीच्या बाबतीत उलटं आहे. इथे मोठ्या आकड्याचा मोह आवरायचा. एक टीबी हार्ड डिस्क आणि ५१२ जीबी एसएसडी यांत डोळे झाकून एसएसडी. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, एनव्हीएमई एसएसडी दोन हजारांच्या पुढे. सिनेमे साठवायला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क आहेच, आणि एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर बदलताही येते. फक्त एकदम स्वस्त लॅपटॉपमध्ये ‘ईएमएमसी’ असं लिहिलेलं असतं. ती बोर्डावर डागलेली आणि हळू, तिच्या वाटेला जायचं नाही. आणि घरी आल्यावर ५१२ ऐवजी ४७६ जीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जागा तेवढीच आहे.

‘सिनेमा-गेम बघायचेत तर गेमिंग लॅपटॉपच घ्यावा’

सिनेमा, यूट्यूब, क्रिकेट यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर हे सगळं आरामात चालतं, हलके गेमसुद्धा. गेमिंग लॅपटॉप घेतला की सव्वादोन-अडीच किलोचं धूड, त्यात विटेएवढा चार्जर, आणि चार्जिंगशिवाय जेमतेम तीन-चार तास. एसटीत उभ्याने प्रवास करताना पाठीवरचा प्रत्येक पाव किलो कळतो. विजेचंही बघा. साध्या लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर ४५ किंवा ६५ वॅटचा असतो, म्हणजे जुन्या छताच्या पंख्यापेक्षा कमी. गेमिंगवाल्याचा दोनशेच्या आसपास. लोडशेडिंगमध्ये घरच्या इन्व्हर्टरवर हा फरक लगेच जाणवतो.

इंजिनिअरिंगला थ्रीडी डिझाइन किंवा व्हिडिओ एडिटिंग खरंच करायचं असेल तर कार्ड घ्या. तेव्हाही नुसतं ‘आरटीएक्स ४०५०’ वाचून थांबू नका. त्याच नावाचं कार्ड ३५ वॅटवरही मिळतं आणि ११५ वॅटवरही, आणि कामात दोघांचं अंतर खूप. कॉमर्सवाल्यांनी आणि मेकॅनिकलवाल्यांनी मॅकबुकचा विचार करताना थांबावं: टॅलीप्राइम आणि सॉलिडवर्क्स ही विंडोजची सॉफ्टवेअरं आहेत. बीए, बीएस्सीच्या विद्यार्थ्याला मॅक चालेल, बॅटरीही उत्तम, फक्त त्याची रॅम कधीच वाढत नाही.

‘एआय लॅपटॉप’ हा नवा गैरसमज. चॅटजीपीटी किंवा जेमिनी वापरायला खास लॅपटॉप लागत नाही. ते काम दूरच्या सर्व्हरवर होतं, तुमच्याकडे फक्त ब्राउझर आणि इंटरनेट हवं. त्या स्टिकरसाठी वरचे पाच-सात हजार मोजण्यापेक्षा ते स्क्रीनवर घाला.

स्क्रीनबद्दल कोणी विचारतच नाही, आणि जन्मभर बदलत नाही ती हीच. चार तास डोळे तिच्यावर असतात. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० पेक्षा कमी नको, जोडाक्षरं फुटल्यासारखी दिसतात. पॅनेल आयपीएस हवं. दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे: नोटपॅड उघडून पांढरी पाटी करा, स्क्रीन थोडी मागे वाकवा आणि वरून, खालून, बाजूने बघा. रंग उलटे-काळपट झाले तर ते स्वस्तातलं टीएन पॅनेल, पुढचा लॅपटॉप बघा.

‘आमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं, स्टॅबिलायझर लागेल’

अ‍ॅडॉप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा: इनपुट १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज १६० ला आलं, बल्ब मिणमिणायला लागला, तरी लॅपटॉपला त्याचं काही नाही. स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा. धोका दोन ठिकाणी आहे. एक, वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा. आभाळ कडाडायला लागलं की पिन काढून ठेवायची, लॅपटॉप बॅटरीवर चालतोच.

दुसरा धोका अर्थिंगचा. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि मनगट टेकवलं की मुंग्या आल्यासारखं होतं. पोरं म्हणतात, ‘लॅपटॉप खराब निघाला, करंट मारतो.’ लॅपटॉप बहुतेक वेळा चांगलाच असतो. तीन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असतो, किंवा घराच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडलेला असतो. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का बघा, पाणी घाला, आणि झटका जोराचा असेल तर वायरमनला बोलावून तपासून घेईपर्यंत वापर बंद.

बॅटरीच्या ‘दहा तास’ या जाहिरातीवर जाऊ नका, वॅट-तास बघा. ४२ वॅट-तासांची बॅटरी आणि साध्या कामाला सात वॅट खर्च, म्हणजे सहा तास. सिनेमा, पूर्ण उजेड, हॉटस्पॉट यांत त्याहून कमी. रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी फुगते हा समज अर्धवट. पूर्ण भरली की चार्जिंग थांबतं. बॅटरी खाते ती उष्णता, त्यामुळे गादीवर-उशीवर ठेवून सिनेमा बघणं जास्त वाईट. जुना लॅपटॉप घेताना कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा.

‘लॅपटॉपला वेगळं नेट कशाला, मोबाइलचा हॉटस्पॉट आहे ना’

आहे, पण विंडोजला ते मोबाइलचं नेट आहे हे नेमकं कळेलच असं नाही. अपडेट सुरू झाली की दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा लेक्चर सुरू व्हायच्या आत संपतो. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटसमोर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, बहुतेक अपडेट थांबून राहतात. कॉलेजच्या वायफायवर गेल्यावर उतरवून घ्यायच्या, उतरवायच्या मात्र नक्की. नेटफ्लिक्सचा स्वतःचा हिशेब आहे की चांगल्या दर्जात तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. मोठ्या स्क्रीनवर मॅच बघताना ४८० पी ठेवली तरी चेंडू दिसतो.

‘ऑफिस फ्री’ म्हणजे काय हेही विचारून घ्या. कायमचं ऑफिस की महिनाभराची ट्रायल? पाचशे रुपयांत ‘फुल सॉफ्टवेअर’ टाकून मिळतं ते क्रॅक केलेलं असतं, आणि त्याच्यासोबत व्हायरस फुकट. लिबरऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, मराठीतही आहे. मराठी टायपिंगला वेगळा कीबोर्ड किंवा सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टाइप करायची सोय दोन्ही आहेत.

‘शून्य टक्के व्याजावर मिळतोय, आत्ताच उचला’

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज कुठेतरी असतंच: रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, क्रेडिट कार्डच्या हप्त्यांत व्याजावर जीएसटी बसतो. आपल्याकडे प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात आणि कापसाचा पैसा घरात येतो दिवाळीच्या आगेमागे. ऊसतोडीची उचल घेऊन लॅपटॉप घेणारी घरंही आहेत, आणि ती उचल कुणाला तरी कोयत्याने फेडावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या सत्रात कॉलेजच्या लॅबवर आणि मोबाइलवर भागतं. दसरा-दिवाळीला भाव उतरतात, तेव्हा घ्या.

तोपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्रधानमंत्री मोफत लॅपटॉप योजना, लिंकवर नाव नोंदवा’ असा मेसेज येईलच. असे दावे खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. लिंकवर आधार आणि बँकेचा तपशील देऊ नका.

घेताना शेवटचं एक विचारा: वॉरंटी ‘ऑनसाइट’ म्हणजे इंजिनिअर तुमच्या पिनकोडला येणार, की लॅपटॉप तुम्ही शहरात न्यायचा? बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो लगेच कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. कधीकधी वॉरंटी माल दुकानात आला त्या तारखेपासून सुरू झालेली असते. ती बिल दाखवून दुरुस्त करून मिळते. आणि त्या बिलाचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.